मुलगी माकड, मुलगा वाघ: चिनी राशीवरून स्थळ नाकारावं का?

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याच्या एका ताईंची मुलगी १४ मार्च १९९२ ची, जन्म मुंबईत, दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी. स्थळ आलंय. मुलगा मूळचा डोंबिवलीचा, सिंगापूरला नोकरीला, जन्म २५ जानेवारी १९८६. त्याच्या ऑफिसातल्या एका चिनी बाईंनी बोलता बोलता सांगितलं की मुलगी माकड, मुलगा वाघ, हे दोन प्राणी एकमेकांसमोर उभे असतात, हे जमायचं नाही. ताईंनी मग इंटरनेटवर शोधलं, तर मुलीची जन्मवेळही ‘माकडाच्या तासात’ निघाली. म्हणजे दुहेरी माकड! त्यात २०२८ हे पुन्हा माकडाचं वर्ष, आणि स्वतःच्या प्राण्याचं वर्ष जड जातं असं त्यांनी कुठंतरी वाचलं. ‘आपल्या पत्रिकेत २६ गुण जुळतात, पण आता मन धजत नाही,’ असं त्यांनी लिहिलंय.

ताई, आधी मुलाची तारीख बघू. तो वाघ नाहीच, बैल आहे.

वाघाचं वर्ष ९ फेब्रुवारी १९८६ ला लागलं. २५ जानेवारीला १९८५ चं बैलाचंच वर्ष चालू होतं. मुलानं त्या बाईंना बहुधा नुसतं साल सांगितलं असेल, आणि ‘८६ म्हणजे वाघ’ हे त्यांच्याकडे लहान पोरालाही पाठ असतं. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांच्या बाबतीत ही गफलत मी २२ वर्षं बघतेय. आपल्याकडचे तक्ते तर सरळ १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असं वर्ष धरून छापलेले असतात. अशा तक्त्यावरून लग्न मोडलं तर फार वाईट वाटतं.

एक खूण लक्षात ठेवा. चिनी नवं वर्ष बहुतेक वेळा आपल्या पौष अमावास्येच्या आसपास, म्हणजे माघ महिना लागता लागता सुरू होतं. अधिक महिना त्यांच्याकडेही आहे, पण तो आपल्या अधिक महिन्याशी जुळतोच असं नाही, म्हणून एखाद्या वर्षी महिनाभराचा फरक पडतो. २०२६ ला तसाच पडला. घोड्याचं वर्ष १७ फेब्रुवारीला, आपल्या माघ अमावास्येला लागलं. माकडाची वर्षं कधी सुरू झाली ते लिहून ठेवा: १९५६ चं १२ फेब्रुवारीला, १९६८ चं ३० जानेवारीला, १९८० चं १६ फेब्रुवारीला, १९९२ चं ४ फेब्रुवारीला, २००४ चं २२ जानेवारीला, २०१६ चं ८ फेब्रुवारीला. पुढचं २६ जानेवारी २०२८ ला. या तारखांच्या आधी जन्मलेला माणूस मागच्या वर्षाचा, म्हणजे मेंढीचा.

त्यातली १६ फेब्रुवारी १९८० ही तारीख वाचून पन्नाशी-साठीच्या लोकांना काही आठवतंय का? त्या दिवशी दुपारी खग्रास सूर्यग्रहण होतं. कारवार, हुबळी, हैदराबादच्या बाजूनं खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. मुंबईचे रस्ते भर दुपारी ओस पडले होते, गरोदर बायकांना घराबाहेर पडू दिलं नव्हतं. चीनमध्ये त्याच अमावास्येला ‘धातूच्या माकडाचं’ वर्ष सुरू झालं. आणि आपल्याकडे ग्रहण भरात होतं ती वेळ दुपारी साडेतीननंतरची, म्हणजे चिनी मोजणीत माकडाचाच प्रहर. यातून मी भविष्य काढत नाही. पण आकाशातली तीच अमावास्या दोन देशांनी आपापल्या पोथीत कशी लिहून ठेवली, हे बघून मला दरवेळी भरून येतं.

आम्ही जी पद्धत वापरतो तिला बाझी म्हणतात, म्हणजे आठ अक्षरं. वर्ष, महिना, दिवस आणि तास असे चार खांब, प्रत्येक खांबात दोन अक्षरं, एक वर आणि एक खाली. खालच्या अक्षराला शाखा म्हणतात, आणि प्रत्येक शाखेचा एक प्राणी असतो. या पद्धतीत वर्ष अमावास्येला बदलत नाही, ली-छुनला बदलतं. सायन सूर्य ३१५ अंशांवर, म्हणजे सायन कुंभेच्या मध्यावर येतो तो क्षण ली-छुन, साधारण ४ फेब्रुवारी. त्यामुळे काही माणसं एका हिशेबानं माकड आणि दुसऱ्या हिशेबानं मेंढी निघतात, आणि मग वाद होतात. तुमच्या घरी तो प्रश्न नाही. मुलगा दोन्हीकडून बैल, मुलगी दोन्हीकडून माकड.

बारा वर्षांचं हे चक्र आपल्यालाही नवं नाही. उज्जैनचे सिंहस्थ आठवा: १९८०, १९९२, २००४, २०१६. चारही माकडाची वर्षं! पुढचा २०२८ चा, तेही माकडाचंच. सिंहस्थ गुरू सिंह राशीत आल्यावर भरतो, आणि चिनी बारा वर्षांच्या चक्राचं मूळही गुरूच्याच फेरीत आहे. गुरूला फेरी पुरी करायला ११.८६ वर्षं लागतात, पुरी बारा नाहीत. चिनी लोकांनी पुढे आकाशातला गुरू सोडून दिला आणि बाराचा आकडा पक्का केला, त्यामुळे ही सांगड कायम राहणार नाही. सध्या मात्र आहे. लडाखच्या हेमिस मठात बौद्ध गुरू पद्मसंभवांचा प्रचंड थांगका, म्हणजे कापडावरचं चित्र, दर बारा वर्षांनी उलगडतात, तोही माकडाच्याच वर्षी. तिबेटी पंचांगात हेच बारा प्राणी आहेत.

आता मूळ ‘माकड’ या शब्दाकडे वळते, कारण मला वाटतं अर्धी भीती तिथंच आहे. मराठीत माकड म्हटलं की माकडचेष्टा, माकडाच्या हाती कोलीत, आधीच मर्कट त्यात मद्य प्याला. मुलीला कुणी ‘माकड रास’ म्हटलं तर आईच्या पोटात कालवतंच. चिनी कानाला हा शब्द असा लागत नाही. माकडाला ते ‘होउ’ म्हणतात, आणि जुन्या दरबारातल्या सरदारकीच्या पदवीचा उच्चारही ‘होउ’च. माझ्या टेबलावर अंगठ्याएवढी एक लाकडी मूर्ती आहे. घोडा मान वळवून उभा, पाठीवर माकड उकिडवं बसलेलं, आणि घोड्याच्या मानेजवळ डाळीच्या दाण्याएवढी मधमाशी. बघणाऱ्याला वाटतं, खेळणं आहे. पण मोठ्यानं वाचलं तर ‘मा शांग फंग होउ’. ‘मा शांग’ म्हणजे घोड्यावर, आणि ‘लगेच’ असाही अर्थ. ‘फंग’ म्हणजे मधमाशी, आणि पद बहाल करणं. सगळं मिळून ‘लवकरच सरदार व्हाल’. बढतीची वाट पाहणाऱ्याला ही मूर्ती भेट देतात. दुसऱ्या एका मूर्तीत मोठ्या माकडाच्या पाठीवर पिल्लू असतं. पाठ म्हणजे ‘बेइ’ आणि पिढी म्हणजेही ‘बेइ’, म्हणून तिचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या सरदारकी.

बीजिंगच्या बाइयुन क्वान या ताओ मंदिराच्या दगडी कमानीत हाताच्या तळव्यात मावेल एवढं माकड कोरलेलं आहे. नव्या वर्षाच्या जत्रेत त्याला हात लावायला रांग लागते, आणि लाखो हात फिरून तो दगड काळा गुळगुळीत झालाय. १९८० मध्ये चीननं राशींच्या प्राण्यांचं पहिलं टपाल तिकीट काढलं तेही माकडाचंच. लाल भडक पार्श्वभूमी, काळं केसाळ माकड, किंमत ८ फेन (१०० फेन म्हणजे १ युआन). चित्रकार हुआंग योंगयू यांनी ते आपल्या मेलेल्या पाळीव माकडाच्या आठवणीत काढलं होतं. त्या ८० तिकिटांच्या अख्ख्या पानाला लिलावात दहा लाख युआनच्या वर बोली लागलेली आहे.

आणि सुन वुखोंग, चिनी कथेतला तो वानरराज. सोळाव्या शतकातल्या कादंबरीत तो ज्या भिक्षूला सांभाळत भारताकडे निघतो, तो भिक्षू म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला ह्युएन त्संग. तोच, जो सातव्या शतकात महाराष्ट्रात आला आणि दुसऱ्या पुलकेशीबद्दल लिहून गेला. सुन वुखोंगचं मूळ हनुमानात आहे असं चिनी विद्वान हू शी यांचं मत होतं. लेखक लू शून यांनी ते मानलं नाही, त्यांनी चिनी दंतकथेतल्या एका जलराक्षसाकडे बोट दाखवलं. विद्वानांचं ते बघतील. माझं म्हणणं एवढंच की गावोगावी वेशीवर मारुती असलेल्या मुलखात वानर राशीला घाबरायचं कारण नाही.

पण बाझीच्या दृष्टीनं प्राणी हे फक्त पाटीवरचं नाव. खरी गोष्ट ती शाखा. माकडाच्या शाखेला ‘शन’ म्हणतात, बारांतली नववी. तिचं तत्त्व धातू, दिशा नैर्ऋत्येकडे झुकलेली पश्चिम, महिना ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतरचा, प्रहर दुपारी तीन ते पाच. वर्ष तापून शरदाकडे वळतं, पीक धरायला लागतं, पात्याला धार येते, तो हा काळ. शनच्या पोटात तीन गोष्टी लपलेल्या असतात: धातू, पाणी आणि थोडी माती. पाण्याचा जन्म शनमध्ये होतो असं जुने ग्रंथ मानतात. वरून धार आणि आत वाहतं पाणी, म्हणून या शाखेला चलाख, हरहुन्नरी, एका जागी न रमणारी म्हणतात. घड्याळ हातात दिलं तर वेळ न बघता मागचं झाकण उघडणारी माणसं. दोष सांगायचा तर हातातलं काम ऐंशी टक्के झालं की त्यांचं मन पुढच्या कामावर गेलेलं असतं.

त्यातही १९९२ चं माकड पाण्याचं, हे वरच्या अक्षराचं तत्त्व. शिवाय साठ वर्षांच्या चक्रात या वर्षाच्या दोन अक्षरांच्या जोडीला मिळून ‘तलवारीच्या धारेचा धातू’ असं वेगळं नाव आहे. १९८० चं माकड डाळिंबाचं लाकूड, २००४ चं झऱ्याचं पाणी, २०१६ चं डोंगराखालचा अग्नी. नावं सुंदर आहेत, पण त्यावरून माणूस जोखू नका. ४ फेब्रुवारी १९९२ पासून १९९३ च्या मकरसंक्रांतीपर्यंत जन्मलेली सगळी पोरं पाण्याची माकडं. तुमच्या मुलीचा शाळेतला अख्खा वर्ग बघा ना, बहुतेक सगळे माकडच असतील. सगळ्यांचे स्वभाव एक होते का? चिनी माणूस ‘तुमचा प्राणी कोणता’ विचारतो तेव्हा तो बऱ्याचदा सभ्यपणे वय विचारत असतो. ऑफिसातल्या बाईंनीही तेवढंच केलं असेल.

वाघाची भीती तरीही सोडून देता येत नाही, कारण उद्या दुसरं स्थळ खरंच वाघाचं येईल. तेव्हा नीट समजून घ्या. बारा प्राणी वर्तुळात मांडा. माकडापासून मोजत गेलं की सातवा वाघ येतो. आपल्या भाषेत समसप्तक. चिनी पद्धतीत या समोरासमोर येण्याला ‘छोंग’ म्हणजे टक्कर म्हणतात, कारण वाघाची शाखा वाढत्या झाडाची आणि माकडाची कुऱ्हाडीची. आपल्या ज्योतिषात मात्र समसप्तक लग्नाला चांगलंच मानतात! दोन्ही शास्त्रं एकच गोष्ट बघतात, समोर उभं असणं. एक त्यात ओढ बघतं, दुसरं धडक. संसारात दोन्ही असतात.

दुसरी गोष्ट तक्त्यांत कधी नसते. माकड, उंदीर, ड्रॅगन हा एक गट, आपल्याकडचं नवपंचम म्हणा हवं तर. या गटातल्या माणसांचा ‘टपालाचा घोडा’, म्हणजे प्रवास, स्थलांतर, परदेश दाखवणारी शाखा, वाघाचीच असते. म्हणजे माकडाचा समोरचा गडी आणि त्याला दूरदेशी नेणारा घोडा एकच. परदेशी स्थायिक झालेल्या माकड वर्षाच्या बायका मी पाहिल्या, त्यात वाघाशी लग्न करून सुखानं नांदणाऱ्याही आहेत. एकाच गावात, एकाच घरात, दोन्ही सासर-माहेर गल्लीत, असं असेल तर टक्कर जास्त जाणवते. हा माझा अनुभव, नियम नव्हे.

सापाचंही असंच. माकड-साप ही जुळणारी जोडी म्हणून सांगतात, पण त्याच जोडीत फूट पण धरतात. डुकराशी छुपा अपाय मानतात. हे सगळं एका खांबावरून कधीच ठरत नाही.

आता ‘दुहेरी माकड’. ३ वाजून २० मिनिटं ही भारतीय प्रमाणवेळ आहे, आणि ती ८२.५ अंश रेखांशाची. मुंबई ७२.८ अंशांवर, म्हणजे तिथला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटं मागं. मुलगी जन्मली तेव्हा मुंबईची स्थानिक वेळ २ वाजून ४१ मिनिटं होती. तो मेंढीचा प्रहर, माकडाचा नाही. आपले जुने ज्योतिषी लग्नरास काढताना स्थानिक वेळ घेतात, तसंच हे. नागपुरात जन्मली असती तर फरक जेमतेम १४ मिनिटांचा, आणि तिथं ३ वाजून २० ला माकडाचाच प्रहर लागला असता. ही वजाबाकी कुठलीच साधी वेबसाइट करत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा खांब दिवसाचा. त्यावरचं अक्षर म्हणजे स्वतः माणूस, आणि खालची शाखा म्हणजे जोडीदाराचं घर. तुमच्या मुलीचा दिवस मी काढला: वर ‘जी’, म्हणजे शेतातली मऊ, कसदार माती, खाली बैल. ती स्वतः माती आहे, माकड नाही. माकड तिच्या वर्षाच्या खांबात आहे, म्हणजे घराणं, लहानपण, बाहेरच्या जगाला दिसणारा चेहरा. आणि जोडीदाराच्या घरात बैल बसलाय. येणारं स्थळही बैलाच्या वर्षाचं! हे गणित करताना माझा हात क्षणभर थांबला. याला मी खात्रीचा कौल म्हणणार नाही, पण अपशकुन तर नक्कीच नाही.

मातीतून धातू निघतो, त्यामुळे माकड तिच्यासाठी व्यक्त होण्याची शाखा ठरते: बोलणं, लिहिणं, कसब, नियम मोडून नवं काही करणं. जुन्या ग्रंथांत बाईच्या पत्रिकेत ही गोष्ट असली की नवऱ्याला बाधक असं लिहिलंय. मी ते मानत नाही आणि कुणाला सांगतही नाही. बाईनं बोलू नये अशी अपेक्षा असलेल्या काळात ते लिहिलं गेलं. आज तीच शाखा वकिली, शिकवणं, डिझाइन, लेखन यांत पोट भरून देते. मुलगी तोंडावर स्पष्ट बोलते का? बोलत असेल तर मुलाला आधीच कळू द्या, लग्नानंतर नको.

तुमच्या प्रश्नात नव्हतं, पण दडवून ठेवणार नाही. पत्रिकेतली खरी ओढाताण दिवसातला बैल आणि प्रहरातली मेंढी यांच्यात आहे, तेही समोरासमोर. ती मातीची मातीशी असते, सौम्य. मुलं, उतारवयातली घरं, कुठं राहायचं, अशा विषयांवर मतभेद दाखवते. सिंगापूर की डोंबिवली हा प्रश्न त्या दोघांनी साखरपुड्याआधी एकदा शांतपणे बोलून घ्यावा.

राहिलं २०२८. स्वतःच्या प्राण्याचं वर्ष परत येतं त्याला ‘बन मिंग न्येन’ म्हणतात. त्या वर्षाच्या देवतेच्या, ताइ सुइच्या, नजरेसमोर माणूस येतो असं मानतात, म्हणून लाल कंबरपट्टा किंवा मनगटाला लाल दोरा बांधतात. तोही स्वतः विकत घ्यायचा नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांनी द्यायचा. सिंगापूरच्या मंदिरांत वर्षाच्या सुरुवातीला ताइ सुइची प्रार्थनाही होते, तिला वाटलं तर जाईल. माझ्या मते हे वर्ष वाईट नसतं, अस्थिर असतं. जुनं सुटतं, नवं लागतं. घर बदलणं, देश बदलणं, बाळ होणं अशा गोष्टी त्यात बसतात. उसनवारीनं मोठा धंदा टाकायला मात्र मी नाही म्हणेन.

खरं जोखायचं असेल तर मागं बघा. २०२२ हे वाघाचं वर्ष होतं, म्हणजे तिच्या माकडाशी थेट टक्कर. १ फेब्रुवारी २०२२ पासून वर्षभरात तिच्या आयुष्यात काय हललं, नोकरी, गाव, एखादं नातं? ते लिहून पाठवा. काहीच हललं नसेल तर तिच्या पत्रिकेत माकडाचा जोर कमी आहे असं मी समजेन, आणि २०२८ चीही काळजी तेवढीच कमी करेन.

मुलाची जन्मवेळ कळवा, आणि जन्म डोंबिवलीतच झाला का तेही. तिथं वजाबाकी ३८ मिनिटांची येते. वेळ दवाखान्याच्या कागदावरची हवी, आजीच्या आठवणीतली नको.